चुकीच्या नावाने घेतलेला शोध

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी माझा मलाच राग येतो. चौतीस वर्षं खाकीत काढली. घरफोड्या उघडकीला आणल्या, खुनाचे गुन्हे उलगडले. ते किस्से सांगायला बरं वाटतं, समोरचाही ‘वा साहेब’ म्हणतो. हा किस्सा तसा नाही. यात वाहवा व्हायची ती दुसऱ्यांची, आणि ती मी मनापासून करणार आहे. नाव मात्र कोणाचंही घेणार नाही. ज्यांची ही हकिगत आहे त्यांना मी विचारलं, त्यांनी ‘नावाशिवाय लिहा’ म्हटलं, तेव्हाच कागद पुढे ओढला.

मी तेव्हा नागपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली. शनिवारचा दिवस, दुपारचे साडेबारा. ठाण्यात नेहमीची गर्दी: नाल्याच्या पाण्यावरून भांडलेले दोन शेजारी, मोबाइल हरवला म्हणून दाखला मागणारा एक कॉलेजकुमार, पासपोर्टच्या चौकशीला आलेले गुरुजी. तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. उंच, सुती साडी, हातात प्लास्टिकची फाईल. त्या ट्रान्सजेंडर आहेत हे बघताक्षणी कळत होतं. बाकावरचे लोक एकदम सरकून बसले. माझ्या ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि ‘आता काय?’ अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, माझाही चेहरा तसाच झाला असणार.

या बाई डब्याची मेस चालवायच्या. त्यांच्या ओळखीतल्या सगळ्या मुली त्यांना मोठी ताई म्हणायच्या, मीही इथे तेच म्हणतो.

“साहेब, आमची एक मुलगी सकाळी अकरापासून गायब आहे,” ताई म्हणाल्या.

“अकरापासून? आता साडेबारा वाजून राहिले. दीड तासात माणूस गायब होते का? गेली असंल कुठं. येईल.”

“आमच्यात दीड तास लय असते साहेब.”

त्यांनी फाईल उघडली आणि एकेक कागद टेबलावर मांडला. मुलीचा त्याच सकाळचा फोटो, मोरपंखी कुर्ता, पांढरी ओढणी, पाठीवर लांब वेणी. कुणाला भेटायला चालली होती त्याचं नाव, फोटो, मोबाइल नंबर, मोटरसायकलचा नंबर. भेटायचं ठिकाण, वेळ. मुलीच्या आधारकार्डाची झेरॉक्स. माझ्या नोकरीत मुलगा हरवल्यावर ‘काय घातलं होतं’ हे न सांगता येणारे सख्खे बाप मी शेकड्याने पाहिले. अशी तयार फिर्याद क्वचितच पाहिली.

मुलगीही ट्रान्सजेंडर होती. सत्तावीस वर्षांची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची, खोली घेऊन एकटी राहायची. डेटिंगच्या ॲपवर तिची काटोलच्या एका माणसाशी ओळख झाली होती. चार महिन्यांची ओळख, तीन भेटी. त्या दिवशी चौथी भेट होती, साडेअकराला, एका नाश्त्याच्या हॉटेलात.

ताईंनी मला त्यांचा रिवाज सांगितला. त्यांच्या गटातली कोणतीही मुलगी ॲपवरच्या माणसाला भेटायला निघाली की निघण्याआधी स्वतःचा फोटो ताईंना पाठवते. त्या माणसाची सगळी माहिती आधीच पाठवलेली असते. भेट दिवसाउजेडी, चार माणसांत, आणि जागा मुलगी ठरवणार. पोचल्यावर फोन करायचा, मग दर तासाला करायचा. फोन आला नाही तर पंधरा मिनिटं थांबायचं, मग ताईंनी हातातलं काम टाकून निघायचं. आणि सगळ्यांत पहिलं कलम असं की आपण कोण आहोत ते त्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. जो त्यावर दाताड काढंल त्याच्याशी दुसरा शब्द नाही.

“हे तुम्हाले कोणी शिकवलं?” मी विचारलं.

“कोण शिकवंल साहेब? मार खाऊन खाऊन शिकलो.”

ताई आधी त्या हॉटेलात जाऊन आल्या होत्या. काटोलवाला तिथे एकटाच बसलेला होता, दारावर डोळे लावून. ती आलीच नव्हती. मुलीचा फोन बंद. ताई म्हणाल्या, “त्या पोराच्या मागं वेळ घालवू नका साहेब, तो चार महिन्यांपासून आमच्या नजरेत आहे. मले तं वाटते घरच्यांनी नेलं. तिचा मोठा भाऊ आहे, सहा वर्षांपूर्वी यानंच तिले घरातून हाकललं होतं.”

“तपास कसा करायचा ते मले ठरवू द्या,” मी म्हणालो. तरी आधारवरचा पत्ता खाप्याकडच्या एका गावाचा होता, म्हणून तिथल्या ठाण्याला फोन लावला. त्यांचा शिपाई घरी जाऊन आला. घरी आई एकटी, कोणी आलं नाही म्हणाली. झालं, माझ्यापुरता घरच्यांचा विषय संपला. नवख्या फौजदारानेही एवढ्यावर समाधान मानलं नसतं. पण माझ्या डोक्यात आधीच काटोलवाला बसला होता. ज्याने भेटायला बोलावलं तोच पहिला संशयित, हे आम्ही ट्रेनिंगपासून घोकलेलं.

आणि आता ती चूक. हरवलेल्या व्यक्तीची नोंद करायला अंमलदाराने रजिस्टर उघडलं. आधारकार्डावर जुनं नाव होतं, पुरुषाचं. फोटो आठ-नऊ वर्षांपूर्वीचा, मिसरूड फुटलेल्या पोराचा. अंमलदाराने विचारलं, “सर, काय लिहू?”

“कागदावर काय आहे? ते लिही.”

ताई पुढे झुकल्या. “साहेब, तिले या नावानं आता कोणी ओळखत नाही. तिचं नाव लिहा. बाई लिहा. असं लिहाल तं सापडणार नाही ती.”

“कायदा मले शिकवू नका,” मी आवाज चढवला. “सरकारी कागदावर जे आहे तेच जाईल.”

कायदा मला खरोखरच कोणीतरी शिकवायला हवा होता. अशी व्यक्ती स्वतःची जी ओळख सांगते ती मानायची, हे केव्हाच ठरलं होतं. त्याचा कागद माझ्याच टेबलाच्या खणात होता. वर ‘पाहिले’ म्हणून माझी सही होती, वाचला नव्हता.

दीड वाजता कंट्रोल रूममार्फत सगळ्या ठाण्यांना आणि नाकाबंदीच्या ठिकाणांना संदेश गेला: मिसिंग इसम, पुरुष, वय सत्तावीस, अमुक नाव, उंची पाच फूट सात इंच. ताई बाकावर जाऊन बसल्या. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

दोनच्या सुमारास आमच्या लोकांनी काटोलवाल्याला आणलं. तो मोटरसायकलवर तिच्या खोलीपासून हॉटेलपर्यंतचा रस्ता पुन्हा पुन्हा धुंडाळत होता. तिशीचा, सावळा, काटोलात फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. आल्या आल्या त्याने विचारलं, “सापडली का साहेब?” ही मला नाटकबाजी वाटली.

मी आधारवरचा फोटो त्याच्यापुढे सरकवला आणि जुनं नाव घेतलं. “याले ओळखतो?”

त्याने फोटो नीट पाहिला. “नाही साहेब. हा कोण आहे?”

मी टेबलावर हात आपटला. “चार महिने याच्याशी बोलून राहिला आणि वरून मलेच विचारते कोण आहे?”

“मी त्या नावाच्या कोणाशी नाही बोललो साहेब.”

मग मी मोरपंखी कुर्त्यातला फोटो दाखवला. त्याचा चेहराच पालटला. “हे आहे नं ती! हिलेच तं शोधून राहिलो मी.” त्याने तिचं नाव घेतलं.

“ही आणि हा एकच आहे, तुले माहीत नाही?”

त्याने आधारवरचा फोटो पालथा करून ठेवला.

“बाई आहे का पुरुष आहे? तोंड उघड.”

“साहेब, तिनं जे सांगायचं ते पयल्याच दिवशी मले सांगतलं. ते तिनं मले सांगतलं. तिच्या मर्जीशिवाय कोणाले सांगणार नाही असा मी शब्द दिला आहे. तुमाले जे पाहिजे ते तिले विचारा.”

“ती इथं असती तं तुले कशाले विचारलं असतं?”

“मंग तिले शोधा नं साहेब! माह्या तोंडाकडं काय पाहून राहिले?”

बापरे! माझ्या ठाण्यात, माझ्या खुर्चीसमोर बसून हे उत्तर. मी अंमलदाराला सांगितलं, लिही, ‘उडवाउडवीची उत्तरे देतो’. दोन तास मी त्याला फैलावर घेतलं. दरडावलं, गोड बोललो, ‘तुझ्या गावात सांगतो, बिरादरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही’ अशीही धमकी दिली. तो घामाघूम झाला होता. पण शब्द सोडला नाही. आयुष्यात मी पट्टीचे गुन्हेगार अर्ध्या तासात बोलते केले, आणि हा पंप दुरुस्त करणारा माणूस हलत नव्हता. खोटं टिकवणारा माणूस आणि शब्द राखणारा माणूस बाहेरून एकसारखेच दिसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटी त्याचा मोबाइल मागितला. त्याने लगेच दिला, फक्त म्हणाला, “फोटो नका पाहू साहेब. तिनं मले भरोशानं पाठवलेले आहेत. बाकी सगळं पाहा.”

मी गुन्हा शोधायला बसलो आणि वाचत गेलो. माझ्या शेजारी आमच्या महिला हवालदार उभ्या होत्या, त्याही वाचत होत्या. दुसऱ्याचं असं वाचणं बरं नव्हे, पण तेव्हा वाचलं आणि त्यानेच माझं डोकं ताळ्यावर यायला सुरुवात झाली. ओळखीच्या तिसऱ्या दिवशी याने तिला शरीराबद्दल काहीतरी विचारलं होतं, खेडवळ सरळपणाने. तिने लिहिलं होतं, ‘हे डॉक्टरनं विचारायचं असते. भेटायला येणाऱ्या माणसानं नाही.’ याचं उत्तर, ‘चुकलो. पुन्हा नाही विचारणार.’ आणि खरंच, पुढच्या चार महिन्यांत एकदाही नाही. पुढे एकदा त्यानेच विचारलं होतं, ‘तुले काय बोललेलं आवडत नाही ते सांगून ठेव, मले समजत नाही यातलं.’ पहिल्या भेटीला तो काटोलहून एसटीने आला. ती दहा मिनिटं बसली, चहा घेतला आणि निघून गेली. संध्याकाळी याचा मेसेज, ‘दहा मिनिटं आली, लय झालं. पुढच्या टाइमाले तुले वाटंल तितकी बस.’

लग्न ठरवताना मुलीला चालवून बघणारी, गाणं म्हणायला लावणारी घराणी मी पाहिली आहेत. माझंही लग्न तसंच ठरलं. हा माणूस त्या सगळ्यांपेक्षा कितीतरी शहाणा होता, आणि मी त्याला दोन तास आरोपीसारखं उभं केलं होतं.

हवालदार बाई हळूच म्हणाल्या, “सर, एक बोलू? आपण ज्याला शोधून राहिलो, तो माणूस रस्त्यावर कोणाला दिसणारच नाही. रस्त्यावर बाई आहे.”

मी मोबाइल खाली ठेवला.

“मी दुसरा मेसेज टाकू का? सकाळच्या फोटोसकट?”

“विचारता काय? टाका लवकर!”

चारला पाच मिनिटं कमी असताना दुसरा संदेश गेला: महिला, वय सत्तावीस, तिचं खरं नाव, मोरपंखी कुर्ता, पांढरी ओढणी, लांब वेणी. त्या दुपारी टाचणी पडली तरी ऐकू येईल असं काही ठाणं शांत झालं नाही, ते दोन शेजारी अजून भांडतच होते. पण सात मिनिटांत कन्हानच्या पुलाजवळच्या नाकाबंदीवरून फोन आला. पलीकडचा शिपाई अडखळत बोलत होता.

“सर, ही मुलगी मी पाहिली. दोन वाजून वीस मिनिटांनी. पांढरी गाडी होती, दोन माणसं आणि ही मागे बसलेली. ही मला म्हणाली, साहेब, मले जबरदस्तीनं नेऊन राहिले. तो माणूस म्हणाला, माझी बहीण आहे, डोक्यावर परिणाम झाला आहे, दवाखान्यात नेतो. मी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं. मी आपल्या मिसिंगच्या मेसेजशी ताडून पाहिलं सर. मेसेजमध्ये पुरुष होता, नावही दुसरं. म्हणून मी गाडी सोडली.”

ती पोलिसांच्या हातात आली होती. तिने मदत मागितली होती, स्वतःचं नाव सांगितलं होतं, आणि माझ्या संदेशाने तिला परत त्या गाडीत बसवलं होतं. ताई म्हणाल्या होत्या तसंच अक्षरशः झालं.

शिपाई चांगला होता. गाडीचा नंबर त्याने नाकाबंदीच्या वहीत लिहून ठेवला होता. गाडी निघाली मुलीच्या मोठ्या भावाच्या साळ्याची. कन्हानच्या पुढे त्याचं शेत. आम्ही दोन गाड्या काढल्या. हवालदार बाई सोबत, ताईही सोबत. काटोलवाला म्हणाला, “मी येऊ साहेब?” मी म्हणालो, “चल.” मग तोच थांबला. “नाही. तिचे घरचे आहेत तिथं. तिले मी तिथं पाहिजे का नाही, ते तिले विचारल्याशिवाय कसा येऊ? मी इथंच बसतो.” आणि तो ताईंच्या जागेवर, बाकावर जाऊन बसला.

पुढचं थोडक्यात सांगतो. सव्वापाचला आम्ही शेतावरच्या खोलीचं दार उघडायला लावलं. आत भाऊ, साळा आणि कोपऱ्यात ती. खाली जमिनीवर वेणी पडलेली. मुळापासून कापलेली, टोकाचा रबर तसाच. डोकं ठिकठिकाणी भादरलेलं, कानाजवळ कात्री लागून रक्त आलेलं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा बाबाकडे नेऊन अंगातलं ‘उतरवायचं’ आणि मग खोलीत कोंडून ठेवायचं, असा बेत होता. भाऊ मला म्हणतो, “साहेब, घरचा मामला आहे. माहा भाऊ आहे, काहून मधात पडता?”

माझा हात उठला होता. हवालदार बाई मध्ये आल्या म्हणून तो खाली आला.

ताईंनी आपला पदर तिच्या डोक्यावर टाकला आणि तिला पोटाशी धरलं. “काहून वं माय, पंधरा मिनिटांत निघाली मी, तरी उशीर झाला,” असं म्हणत त्या रडत होत्या. मी पुढे झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणा पीडिताला तिचं नाव असं विचारलं, जसं घरी आलेल्या पाहुण्याला विचारतात. तिने सांगितलं. मग तिने पहिला प्रश्न केला तो असा, “तो हाटेलात वाट पाहून राहिला होता. त्याले कोणी सांगतलं का, की मी निघाली होती म्हणून?”

भावाला तिचा पत्ता कसा लागला ते नंतर तपासात निघालं. त्याच ॲपवर त्यांच्या पंचक्रोशीतला एक पोरगा तिच्याशी बोलला होता. तिने दोन दिवसांत नकार दिला. याने रागाने तिच्या फोटोचा आणि बोलण्याचा स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकला. बोलण्यात तिच्या लॅबच्या चौकाचा उल्लेख होता. भाऊ तीन दिवस त्या चौकात उभा राहिला, घर पाहून ठेवलं, आणि शनिवारी ती निघाली तेव्हा गाडी आडवी लावली. म्हणाला, आई दवाखान्यात आहे, शेवटची भेट घे. आईचं नाव ऐकून कोण बसणार नाही? ती बसली, आणि ताईंना फोन करायला गेली तेव्हा त्याने फोन हिसकावला. मग साळा येऊन बसेपर्यंत दोन-अडीच तास त्याने गाडी शहराबाहेर थांबवून ठेवली.

त्या स्क्रीनशॉटवाल्याला ठाण्यात बोलावलं. तो मला म्हणतो, “साहेब, मी तं फक्त फॉरवर्ड केलं.” फक्त! दुसऱ्याचं गुपित चव्हाट्यावर टाकायचं आणि वर फक्त म्हणायचं. त्याचंही नाव मी दोषारोपपत्रात घातलं.

त्या संध्याकाळी ठाण्यात परतलो तेव्हा काटोलवाला बाकावरून उठून उभा राहिला. तिचं डोकं पदराने झाकलेलं होतं. त्याने ते पाहिलं, पण काही विचारलं नाही. “जेवली का?” एवढंच म्हणाला. तिने मान हलवली. तो कोपऱ्यावरून पोळी-भाजी घेऊन आला आणि तिचा जबाब होईपर्यंत बाहेर थांबला. जबाबावर सही करायच्या आधी तिने पेन खाली ठेवलं.

“साहेब, ताईंनी सांगतलं मले, त्याले तुम्ही दोन तास काय काय बोलले ते. त्याची माफी मागा. मंग मी सही करते.”

फौजदारापासून इथवर आलो, कधी कोणा संशयिताची माफी मागितली नव्हती. उठलो, बाहेर गेलो, सगळ्या ठाण्यासमोर मागितली. तो इतका गडबडला की मलाच नमस्कार करायला लागला.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने झोपलो असतो. पण खटला उभा राहिला. नातेवाइकांनी तिच्यावर फार दबाव आणला, आईला रडत तिच्या दारात आणून बसवलं. तिने आईला चहा दिला, जेवू घातलं, आणि फिर्याद मागे घेतली नाही. मग माझी साक्ष निघाली. भावाचा वकील हुशार होता. त्याने माझीच नोंद माझ्यासमोर धरली.

“ही सही तुमची?”

“माझी.”

“यात हरवलेला इसम पुरुष आहे. नाव पुरुषाचं. म्हणजे पोलिसांच्याच म्हणण्याप्रमाणे मोठा भाऊ आपल्या धाकट्या भावाला घरी नेत होता. आणि आता तुम्ही एका बाईला पळवून डांबल्याचं सांगता. ही बाई कोण? तुम्ही तर एका पुरुषाला शोधत होतात. खरं काय, ही नोंद की आजची साक्ष?”

कोर्टात मागच्या बाकावर ती बसली होती. केस आता कानापर्यंत आले होते. माझ्या दीड ओळीच्या नोंदीने तिचा सगळा खटला अधांतरी लटकला होता. वकील, पत्रकार, माझे दोन कनिष्ठ अधिकारी, सगळे बघत होते. चार पळवाटा मला दिसत होत्या. अंमलदाराच्या हाताने चूक झाली म्हणता आलं असतं. अक्षर त्याचंच होतं.

मी न्यायाधीशांकडे वळून म्हणालो, “नोंद चुकीची आहे. चूक माझी आहे, अंमलदाराची नाही. तिच्या माणसांनी तिचं खरं नाव आणि ओळख मला सांगितली होती. मी ऐकलं नाही. या चुकीमुळे नाकाबंदीवर मदत मागूनसुद्धा तिला सोडवता आलं नाही. त्याच पंधरा-वीस शब्दांमुळे तिला पुढचे तीन तास त्या खोलीत काढावे लागले.”

वकिलाने आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पण पुढे त्याला काही धरायला मिळालं नाही. वरिष्ठांनी नंतर माझा खुलासा मागवला. तो मी दिला, आणि त्या शिपायावर कारवाई होऊ नये असंही लिहिलं. माझ्या सेवापुस्तकात त्याबद्दल ताकीद आहे. चौतीस वर्षांतली एकमेव, आणि योग्य.

भावाला शिक्षा झाली. निकाल ऐकून ती खूप रडली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “लहानपणी तोच मले सायकलवर बसवून शाळेत न्यायचा साहेब. त्याले जेलात पाठवायची हौस नव्हती मले.” काटोलवाला चार पावलं दूर उभा होता, नेहमीसारखा, तिने बोलवायची वाट पाहत. कोर्टाच्या आवारात शेकडो माणसं होती. तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे हात पुढे केला. त्याने आपला हात आधी पँटला पुसला, मग तिचा धरला. दोघं तसेच गेटपर्यंत चालत गेले. मी मोठ्या ताईंकडे पाहिलं, तर त्या फोनवर कोणा दुसऱ्या मुलीला रागावत होत्या, की पोचल्याचा फोन तीन मिनिटं उशिरा काहून केला म्हणून.

निवृत्तीनंतर कॉलेजांत मला ऑनलाइन सुरक्षिततेवर बोलायला बोलावतात. तिथे मी ताईंचा रिवाज जसाच्या तसा सांगतो. ट्रान्सजेंडर असो वा नसो, कोणत्याही मुलामुलीने तो पाळावा असाच आहे. काटोलवाल्याबद्दलही सांगतो. पोरं विचारतात, सर, या तपासातून तुम्ही काय शिकलात? मी त्यांना खरं ते सांगतो. मला नोकरीभर वाटायचं की आधी तपास, मानाने वागणं वगैरे नंतर, वेळ उरला तर. एका बाईला तिच्या नावाने हाक मारणं ही मी तिच्यावर करायची मेहेरबानी आहे, असंच माझ्या डोक्यात होतं. त्या दुपारी मी ताईंचं ऐकून दोन शब्द बरोबर लिहिले असते, तर तपास दोन वाजून वीस मिनिटांनी कन्हानच्या पुलावर संपला असता, आणि सहा वर्षं वाढवलेली ती वेणी तिच्या पाठीवर राहिली असती.